श्योछिनबाई काय म्हणतात

कुओ युंग-छांग हे त्याचं कागदावरचं नाव. शीपू गावात मात्र त्याला सगळे आ-छांग म्हणत. नदीपात्रातली खडी डंपरमधून काओशुंगकडे न्यायची, रिकामा डंपर परत आणायचा, हे त्यानं सव्वीस वर्षं केलं. सुपारीही तेवढीच वर्षं खाल्ली. आधी तोंडात सुपारी, मग डंपरला किल्ली, हा क्रम कधी चुकला नाही. कोवळी हिरवी सुपारी, मध्ये चुन्याचं बोट, वरून पानाची पट्टी. गाल भरला की अंग तापायचं, कपाळावर घाम यायचा, झोप पळून जायची. दिवसाला साठ, कधी सत्तर. दात आधी पिवळे पडले, मग तांबडे झाले आणि शेवटी काळे. चाळिशी उलटल्यावर तोंड उघडेनासं झालं. दोन बोटं जायची तिथं दीड जायला लागलं. मांस भरलेला वाफेवरचा पाव बहीण कात्रीनं कापून द्यायची आणि तो ते तुकडे एकेक करून आत ढकलायचा.

काओशुंगच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डाव्या गालातून नखाएवढा पांढरा चट्टा कापून काढला. म्हणाल्या, "या वेळी गालावर भागलं. पुढच्या वेळी जबडा काढावा लागेल." आ-छांगनं मान हलवली आणि इस्पितळाच्या फाटकाशीच नवं पाकीट फोडलं. मरणाचं भय त्याला नव्हतं असं नाही, पण ते लांबचं होतं आणि सुपारी खिशात होती.

मरणाला जे जमलं नाही ते तुंगकांगच्या एका स्वयंपाकीणबाईनं एका वाक्यात केलं.

ती शाळेच्या भटारखान्यात कामाला होती. धाकटा भाऊ सत्तेचाळिशीत बिनलग्नाचा राहिला म्हणून आ-छांगच्या थोरल्या बहिणीनं, आ-फुंगनं, मध्यस्थ गाठून जेवणाची भेट ठरवली. "तोंड मिटून हस," ती रस्ताभर पढवत होती. "बोलू नकोस. विचारलं तर मान हलव. आणि देवाच्यान सांगते, पिंक टाकलीस तर मी तिथून उठून जाईन."

तासभर आ-छांग मूर्तीसारखा बसला. मासा आला, ओठांची चोच करून दोन चिमट्या खाल्ल्या. मग शाळेतली पोरं गाजर कशी एकमेकांच्या दप्तरात लपवतात ते त्या बाईनं सांगितलं. तिनं सांगितलंही छान. आ-छांग विसरला आणि मोकळेपणानं हसला. बाईच्या हातातल्या जेवणाच्या काड्या हवेतच थांबल्या. बाहेर पडताना तिनं मध्यस्थबाईला सांगितलं, आणि हळू सांगायची तसदी घेतली नाही: "माणूस चांगला असेल हो, पण आत्ताच कुणाला तरी खाऊन आल्यासारखा दिसतो."

शीपूत हे वाक्य त्याच्याआधी पोचलं. दुसऱ्या दिवसापासून डंपरवाल्यांच्या आपसात बोलायच्या रेडिओवर त्याला नवं नाव पडलं. "काय वाघोबा, आज कोणाला खाल्लं?" सगळ्यांत मोठा आवाज आ-तिंगचा, ज्यानं वीस वर्षं त्याच्याच पाकिटातली सुपारी खाल्ली होती. तीन आठवडे आ-छांगनं ऐकून घेतलं. चौथ्या शनिवारी दुपारी दोन वाजता तो गावच्या आरोग्य केंद्रात सुपारी सोडवण्याच्या वर्गाला जाऊन बसला. त्याच्या मागोमाग आ-तिंगही आला. वर्ग पुरा करणाऱ्याला भात शिजवायचं विजेवरचं भांडं मिळणार होतं.

आठ पुरुष, एक बाई आणि भिंतीवर कापलेल्या जबड्यांची चित्रं. यिऊ सिस्टर तिशीच्या, फार उत्साही. नऊ माणसांसाठी त्या माईक घेऊन बोलत. त्यांनी सगळ्यांना गाजराचे तुकडे वाटले. "तल्लफ आली की हे चावायचं. कसं वाटतंय?"

"बकरीसारखं," आ-तिंग म्हणाला.

"आणि तुम्हाला, बाई?"

ती बाई म्हणजे लियाओ श्योछिन. चव्वेचाळीस वर्षांची, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. पुलाच्या तोंडाशी तिची सुपारीची पत्र्याची टपरी होती. शहरात सुपारी विकायला काचेच्या खोक्यात दिव्यांखाली तोकड्या कपड्यांतल्या पोरी बसवतात, तसलं काही तिथं नव्हतं. एक पंखा, एक सुरी, चुन्याचा डबा आणि ती. ती म्हणाली, "सिस्टर, मी दिवसाला दोन हजार सुपाऱ्या भरते. हाताला सोडता येत नाही, तर तोंडाला कुठल्या तोंडानं सांगू? आणि माझं निम्मं गिऱ्हाईक इथंच बसलंय. तुम्ही यांना सुधारलंत तर मी काय खाऊ? गाजर?"

सगळे हसले. ती स्वतःही हसली, तोंडावर हात धरून. तो हात आ-छांगनं पाहिला. बोटांच्या टोकांची कातडी चुन्यानं पांढरी होऊन सोलली होती. आपल्यासारखंच तोंड लपवून हसणारं माणूस त्याला पहिल्यांदा भेटलं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून तो रोज तिच्या टपरीपुढं डंपर उभा करू लागला. सुपारी घ्यायची नाही, मग घ्यायचं काय? पाण्याची बाटली घ्यायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याला लाकडी पट्ट्या दिल्या होत्या. जीभ दाबून बघायला वापरतात, तसल्या. त्या दातांत एकावर एक रचून दहा मिनिटं तोंड ताणून धरायचं, आणि आठवड्याला एक पट्टी वाढवायची. डोळ्यांत पाणी येईल असं दुखायचं. हे तो टपरीच्या बाकावर बसून करायचा आणि श्योछिन घड्याळ बघायची. पट्टी आत सरकवायचं काम हळूहळू तिच्याकडं आलं.

"अकरावी जाते का बघू. आ कर. अजून. अरे, सासूसमोर उघडल्यासारखं काय उघडतोस?"

तोंडात दहा पट्ट्या असलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. तो घशातून आवाज काढायचा आणि तिला तो कळायचा.

"शिव्या दे, दे. बारावीला बघते तुला."

रेडिओवर चंगळ झाली. "वाघोबाला सर्कशीतली बाई भेटली रे! तोंडात हात घालते!" आ-छांगनं रेडिओ बंद केला नाही. ऐकत राहिला. त्याला ते आवडायला लागलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात आ-तिंग गळाला, पाचव्यात आणखी तिघे, सातव्यात उरलेले तिघे. श्योछिनही शेवटचे दोन शनिवार आली नाही. विजेवरचं भांडं एकट्या आ-छांगला मिळालं. ते त्यानं तिलाच नेऊन दिलं.

"तू सोडलीस ना?" त्यानं विचारलं.

"सोडली की."

"वास येतोय."

"हाताचा आहे." बोलताना तिचा गाल एका बाजूनं जरा फुगला होता. आ-छांगनं ते पाहिलं. सव्वीस वर्षं खाल्लेल्या माणसाला त्यातलं काय कळत नाही? पण त्यानं भांड्याचं झाकण उघडून तिला दाखवलं. रागावलो तर उद्या पट्टी कोण सरकवणार, एवढाच विचार त्याच्या मनात आला.

सहा महिन्यांनी त्याचं तोंड तीन बोटं उघडायला लागलं. काओशुंगला जाऊन त्यानं दात बसवून घेतले. शीपूत आला तर बहिणीच्या कुत्र्यानंही त्याला आधी ओळखलं नाही. त्याच दुपारी टपरीवर बाकाच्या टोकाला बसून त्यानं श्योछिनला मागणी घातली. घातली म्हणजे काय, म्हणाला, "आ-फुंगताई म्हणते घरात बाई हवी."

"मग ताईला सांग, बाजारात बघ."

"मी तुला विचारतोय."

ती सुपारी भरत होती. हातातली पुरी केली, पान गुंडाळलं. मग म्हणाली, "नवे दात आले की माणसाला काहीतरी चावावंसं वाटतं. बरं. हो म्हणते. पण आधी एक बघ. तुला त्यातलं कळतं." तिनं जीभ वर केली. आ-छांगनं मोबाइलचा उजेड धरला. जिभेच्या मुळाशी फुलकोबीच्या तुऱ्यासारखं काहीतरी उगवलं होतं. कडा टणक होत्या.

"केव्हापासून?"

"सात महिने. वर्गात दाखवणार होते. सगळे हसत होते, मग राहिलं."

त्यानंच तिला इस्पितळात नेलं, कागदांवर सही करताना नात्याच्या रकान्यात 'होणारा नवरा' असं लिहिलं. शस्त्रक्रिया नऊ तास चालली. खालचा अर्धा जबडा गेला, जिभेचा मोठा भाग गेला. मांडीचं मांस काढून गालाला लावलं.

बाराव्या दिवशी त्याला तिच्या भेटीला आत सोडलं. आ-छांग नासपतींची पिशवी घेऊन गेला. चांगल्या मोठ्या, एकेक जाळीत गुंडाळलेल्या. श्योछिन उशाला टेकून बसली होती. नाकात नळी होती. चेहऱ्याची एक बाजू तिची होती, दुसऱ्या बाजूला मांडीच्या रंगाचा एक फुगीर गोळा शिवलेला होता आणि त्याच्या कडेनं लाळ गळत होती. ती टॉवेलनं टिपत होती. त्याला बघून ती हसायला गेली. हसायला अर्धाच चेहरा शिल्लक होता. मग ती काहीतरी बोलली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "काही कळत नाही हो त्यांचं." आ-छांगला प्रत्येक शब्द कळला. सहा महिने तोंडात पट्ट्या धरून तो स्वतः तसंच बोलत होता.

ती म्हणाली होती, "बघ, आता मी वाघीण."

त्यानं हसायला हवं होतं. तेवढंच मागणं होतं तिचं. पण त्याची नजर त्या गोळ्यावरून उडाली आणि हातातल्या पिशवीवर जाऊन टेकली. तुंगकांगच्या त्या स्वयंपाकीणबाईच्या काड्या हवेत का थांबल्या होत्या, ते त्याला आता आतून कळलं, आणि कळूनही ते थांबवता आलं नाही. दोन बोटांवर मोजता येतील एवढे श्वास तो तिथं उभा राहिला. नासपती टेबलावर ठेवल्या. पुन्हा कधी काही चावू न शकणाऱ्या बाईला त्यानं नासपती आणल्या होत्या, हेही त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"डंपर रस्त्यात लावलाय," तो म्हणाला आणि निघाला.

डंपर शीपूत होता. तो बसनं आला होता.

त्यानंतर तो पुलावरून गेला नाही. वरच्या अंगानं अकरा किलोमीटरचा वळसा घालायचा. मालकानं डिझेलचं विचारलं तर म्हणाला, पुलाला हादरे बसतात. आ-फुंगला मात्र हुरूप आला होता. "आता दात आहेत तुला. परत बघू." बघितलं. रुई-युन नावाची बाई, कपडे बेतून, कमीजास्त करून द्यायचं दुकान चालवणारी. नीटनेटकी आणि समजूतदार. जेवणाच्या भेटीत आ-छांग भरपूर बोलला, तोंडभरून हसला, मासा डोक्यासकट खाल्ला. वसंतात लग्न झालं. लग्नाच्या जेवणात आ-तिंग त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "श्योछिनच्या टपरीवर मी जातो अधूनमधून. मास्क लावून बसते. बोलणं कळत नाही, पण सुपारी अजून तशीच भरते हं." आ-छांगनं त्याच्या ताटात आणखी डुकराचा पाया वाढला.

पुढच्या वर्षी यिऊ सिस्टरचा फोन आला. "आ-छांग दादा, नव्या वर्गाला तुम्ही बोला. तुम्ही आमचं उदाहरण!" तो नवा शर्ट घालून गेला. बोलणाऱ्यांच्या यादीत आणखी कोण आहे हे त्यानं विचारलं नव्हतं. पुढच्या खुर्चीत मास्क लावून श्योछिन बसली होती. बाजाराची कुपनं मिळणार म्हणून ती आली होती.

आधी तो बोलला. टाळ्या पडल्या. मग श्योछिन उठली आणि तिनं मास्क खाली केला. वीसएक माणसं बसली होती, सगळ्यांनी एकदम आपापले बूट बघितले. ती बोलू लागली.

"श्योछिनबाई काय म्हणतात?" सिस्टरनी माईक इकडंतिकडं नेला. "कुणाला कळतंय? आ-छांग दादा, तुम्ही दोघं एका वर्गातले. तुम्हाला समजतं का?"

नाही म्हणायला त्याचं तोंड उघडलं, आणि त्यातून "हो" बाहेर पडलं.

श्योछिननं त्याच्याकडं बघत सावकाश सांगितलं: या माणसाचं तोंड माझ्या टपरीत उघडलं. पट्ट्या मी सरकवल्या.

"त्या म्हणतात," आ-छांग म्हणाला, "तोंड रोज तपासत जा."

तिची एक भुवई वर गेली. मग ती म्हणाली: यानं मला मागणी घातली. मी हो म्हटलं.

"त्या म्हणतात, डॉक्टरांनी उपचार सांगितले की लगेच हो म्हणा."

ती पुढं म्हणाली: माझं तोंड गेलं तसा हा नासपती ठेवून पळाला.

"त्या म्हणतात... फळं खात जा."

पहिल्या रांगेतले चान आजोबा काठी आपटून उठले. त्यांच्या बायकोचा जबडा असाच काढला होता आणि त्यानंतर सहा वर्षं त्यांनी तिच्याशी संसार केला होता. "खोटं! बाई असं काहीच बोलली नाही!"

"मग काय म्हणतात?" सिस्टरनी माईक त्यांच्यापुढं धरला.

चान आजोबांनी सगळं सांगितलं. शब्दाला शब्द, नासपतीसकट. मग मागून आ-तिंगनं नाकातून फुर्रकन हसू सोडलं. तोही पुन्हा भांड्याच्या आशेनं आला होता. बांध फुटावा तशी सगळी खोली हसायला लागली. माणसं मांड्या बडवत होती. त्यांना वाटलं, बसवलेलं नाटक आहे. श्योछिनचे खांदे हलत होते. अर्ध्या चेहऱ्यावरून कळणं अवघड, पण आ-छांगला कळलं. ती हसत होती. मग तोही हसला, नवे दात दाखवून. दुसरं करणार काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सिस्टरना आभाळ ठेंगणं झालं. "एकही माणूस मध्ये उठून गेला नाही! आमच्या वर्गात असं कधीच झालं नव्हतं!" महिन्याभरात शेजारच्या गावांतून बोलावणी आली. आरोग्य केंद्राच्या गाडीतून तिघांना न्यायचे. ती सांगायची, तो खोटं बोलायचा, चान आजोबा काठी आपटून खरं करायचे आणि लोक हसून हसून आडवे व्हायचे. आ-छांगला नाही म्हणता येईना. नाही म्हणायचं तर का ते सांगायला हवं. एकदा रुई-युनच हौसेनं बघायला आली. तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर हसली. घरी जाताना म्हणाली, "छान बसवलंय हं. तो नासपतीचा भाग कुणाला सुचला?"

"सिस्टरना," आ-छांग म्हणाला.

गाडीत श्योछिन खिडकीशी बसायची, त्याच्याशी बोलायची नाही. एकदाच, चान आजोबा डुलक्या घेत होते तेव्हा, तो पुढं वाकून म्हणाला, "मला काय म्हणायचं ते म्हण. दोन थोबाडीत मार. पण असं सगळ्यांसमोर तरी नको."

तिनं मास्कमधूनच उत्तर दिलं. "सगळ्यांसमोरच. एकट्यात सांगितलं तर तुला कळतं. इस्पितळात कळलं होतंच की. कळून काय केलंस?" आणि ती परत बाहेर बघायला लागली. बाहेर कांद्याची शेतं होती.

दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या मानेत गाठ आली. ती वाळत चालली, तरी यायची राहिली नाही. शेवटचा कार्यक्रम तुंगकांगला होता. कोळ्यांची दीडशे माणसं, आधीच ऐकून आलेली, हसायला तयार बसलेली. श्योछिन उठली, मास्क खाली केला, काहीतरी बोलली. नुसती हवा आली. आ-छांगनं कान दिला. पहिल्यांदाच त्याला काही कळलं नाही. त्यानं चान आजोबांकडं पाहिलं. आजोबांनीही मान हलवली.

"श्योछिनबाई काय म्हणतात?" सिस्टर हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या.

ती पुन्हा बोलली. त्याच्याकडंच बघत. तिचा हात त्याच्या बाहीला लागला. दोन वर्षं जे चान आजोबांच्या तोंडून ऐकलं ते त्यानं माईक हातात घेऊन स्वतः सांगितलं. "त्या म्हणतात, मी यांना मागणी घातली होती. हो म्हणाल्या होत्या. यांचा चेहरा बघून मला किळस आली आणि मी पळालो. डंपर रस्त्यात लावलाय म्हणालो. डंपर नव्हता." त्याचा आवाज फुटला. "मी बसनं गेलो होतो."

'बस' हा शब्द नवा होता, आधीच्या कुठल्या कार्यक्रमात नव्हता. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. एक कोळीण तर खुर्चीवरून खाली घसरली.

श्योछिन मान हलवत होती. नाही, नाही. तिनं त्याची बाही सोडली, आपल्या घशाकडं बोट दाखवलं आणि मग टेबलावरच्या पेल्याकडं.

"अग बाई, पाणी मागताहेत त्या!" सिस्टर म्हणाल्या. हशा आणखी वाढला. सिस्टरनीच पेला तिच्या ओठांशी धरला. निम्मं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं.

सहा आठवड्यांनी ती गेली. अंत्यविधीला ओळीनं डंपर उभे होते. गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांत आ-छांग बसला. तिच्या भाच्यानं नातं विचारलं तेव्हा म्हणाला, "पाणी घ्यायचो तिच्याकडं." आ-तिंगनं बाहेर त्याच्यापुढं उघडं पाकीट धरलं. "आज तरी खा रे एक, तिच्या नावानं. तिनंच भरलेली शेवटची आहे." आ-छांगनं खाल्ली नाही. आजतागायत खाल्लेली नाही. आता तो पुलावरून जातो. टपरी भाच्यानं मोडून पत्रा विकला.

शनिवारच्या वर्गाला तो अजून जातो, एकटाच, आणि दहा मिनिटं बोलतो. माणसं जांभया देतात. मागच्या खेपेला एक नवा ड्रायव्हर मध्येच म्हणाला, "दादा, ते जोडीचं काहीतरी करता म्हणे तुम्ही, हसायचं. ते करा की." आ-छांग म्हणाला, ते आता होत नाही. मग सिस्टरनी गाजरं वाटली.